सत्काराचं जांभूळ

जालना,
रविवार दुपार

तीर्थरूप अंगददाजी यांच्या पायाशी धाकटा मेहुणा कल्याण याचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? आक्का सांगत होती की तेल आणून ठेवलंय, पण लावायचा तुम्ही कंटाळा करता. म्हैस व्याली का? मोसंबीला यंदा फळ कसं धरलंय? आमच्याकडे सगळं बरं आहे. हिचा खोकला गेला. (तो मला आलाय, म्हणजे घरातच राहिला.) पत्राला तसं काही खास कारण नाही. फोनच केला असता, पण फोन आला की आक्का तो स्पीकरवर टाकते आणि तुमच्या ओसरीवरचं निम्मं हसनाबाद माझी विचारपूस ऐकत बसतं. शिवाय तुमच्याशी बोलताना माझी जीभ जड होते. तुमच्या लग्नात कानपिळीला मी तुमचा कान धरला तेव्हा तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत आणि मी कान सोडून दिला. तेव्हापासून तुमच्याकडे काही मागायचं म्हटलं की माझी बोटं ढिली पडतात. आज अर्थात काही मागायचं नाहीये.

तुम्हाला वाटत असेल की कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. शिकवतो, पण वेळ मिळाला तर. गेल्या वर्षी एका बैठकीला मी जरा उशिरा पोचलो आणि आत जाऊन बसेपर्यंत दोन समित्यांचा प्रमुख झालेलो होतो. एक पर्यावरण समिती आणि दुसरी विद्यार्थी मार्गदर्शन समिती. (उशिरा येणाऱ्याला पद द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. जो आलाच नव्हता तो आता परीक्षा विभागाचा प्रमुख आहे.) दोन्ही कामं वेगवेगळी करायचं जिवावर आलं म्हणून मी ती एकत्र केली. माझ्या गटातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक रोप वाढवायचं, आणि मी दर शनिवारी विद्यार्थ्याची आणि रोपाची चौकशी एकदमच करायची. प्राचार्यांनी या कल्पनेची इतकी तारीफ केली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पावसाळा सरेपर्यंत बहुतेक रोपं शेळ्यांनी नेली, काही उन्हाने नेली, आणि एका हुशार पोराने प्लॅस्टिकची तुळस आणून ठेवली. ती अजून हिरवीगार आहे.

एक रोप मात्र जगलं, तृप्तीचं. ही मुलगी बदनापूरकडची, विज्ञान शाखेची. शनिवारी समोर येऊन बसायची आणि पंख्याकडे बघायची. परिपत्रकात दिलेले प्रश्न मी तिला इमानदारीने विचारले, तुझं ध्येय काय, तुझ्यातले गुण कोणते. तिने एकाचंही उत्तर दिलं नाही. (घरी येऊन मी तेच प्रश्न स्वतःला विचारले, मलाही उत्तरं आली नाहीत.) मग एके दिवशी ती टी.सी.चा अर्ज घेऊनच आली. म्हणाली, "सर, मला इंग्रजीतलं काहीच कळून न्हाई राह्यलं. फुकट बस चढून राह्यले मी." मार्गदर्शन समितीच्या प्रमुखाला अशा वेळी चार चांगली वाक्यं सुचायला हवीत. मला एकही सुचलं नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की तू गेलीस तर तुझ्या जांभळाला पाणी कोण घालणार? तिने अर्ज माझ्याच टेबलावर ठेवला आणि पाणी घालायला निघून गेली. तिने ते जांभूळ बीपासून लावलं होतं, गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात. त्या डब्यासाठी ती वर्षभर आली. आली म्हणून वर्गात बसली, बसली म्हणून पास झाली. अर्ज मी खणात टाकून दिला. माझ्या नोकरीत मी धड केलेलं हे एकच काम असावं, आणि तेही मला सुचलं नाही म्हणून झालं.

आता दुसरी गोष्ट. हल्ली सत्काराला हारतुरे देत नाहीत, रोप देतात. आम्हीही देतो. पण दाजी, आपल्याकडे आहेराच्या ब्लाऊजपीसचं जे होतं तेच या रोपाचं होतं. पाहुणा ते दोन्ही हातांनी घेतो, फोटो होतो, पाहुणा ते मागच्या माणसाकडे देतो, मागचा माणूस टेबलाखाली ठेवतो आणि पाहुणा मोटारीत बसून जातो. कार्यक्रम संपला की आमचा शिपाई कडूबा टेबलाखाली वाकतो आणि रोप जागेवर नेऊन ठेवतो. आमच्याकडे जगलेलं रोप एकच, त्यामुळे वर्षभर सगळ्या पाहुण्यांचा सत्कार तृप्तीच्या जांभळानेच झाला. डब्याला गुलाबी चमकीचा कागद गुंडाळायचा, झालं. एका साहेबांना ते तीनदा मिळालं. तिसऱ्यांदा ते त्याच्याकडे निरखून बघत म्हणाले की जांभूळ तुमच्याकडे चांगलं येतं. तृप्तीला आधी हे आवडलं नव्हतं. मी तिला शब्द दिला की काळजी करू नको, ते परत येतंच. आणि ते दर वेळी येत होतं.

मग तुम्ही आलात. म्हणजे मीच तुम्हाला आणलं. वनमहोत्सवाचे प्रमुख पाहुणे ऐन वेळी रद्द झाले, तुम्ही त्याच दिवशी पंपाचा पार्ट घ्यायला जालन्यात आला होता, आणि मी तुम्हाला दुकानातून उचलून थेट स्टेजवर बसवलं. तुमचं भाषण आजवरच्या सगळ्या भाषणांत चांगलं झालं. ("झाडं लावा. पाणी घाला. बसतो मी." यात काही घालावं असं नाही आणि काढावं असंही नाही.) नंतर रोप तुमच्या हातात आलं. फोटो झाला. मागे प्राचार्य हात पुढे करून उभे होते, पण तुम्ही ते त्यांच्याकडे दिलं नाही. चहा पिताना मांडीवर ठेवलंत, आणि निघताना एका हातात पंपाचा पार्ट, दुसऱ्या बगलेत जांभूळ. कडूबा गेटपर्यंत पळत आला. "पाव्हणं, ठिवा ते इथंच, आम्ही पोच करतो बराबर." त्यावर तुम्ही म्हणालात, "आरं, मला दिलंय ना? मंग मीच नेतो की." कडूबाने माझ्याकडे बघितलं, मी चपलेकडे बघितलं, आणि तुम्ही बसमध्ये चढलात. तुम्हाला खिडकीपाशी जागा मिळाली हेही मी बघितलं.

तुमचा यात काडीचाही दोष नाही. आम्ही दिलं म्हणजे दिलं असं समजणारा पाहुणा आम्हाला पहिल्यांदाच भेटला, एवढंच. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. येत्या आठवड्यात बाहेरची समिती तपासणीला येते आहे आणि तिला रोप दाखवायचं आहे. (फोटो दाखवायची सोय राहिली नाही. सगळ्या फोटोंत गुलाबी कागदाखालून डब्याचा तोच पोचा दिसतो.) पण समितीचं मला काही वाटत नाही, ती चहा-पोहे घेऊन जाईल. मला वाटतं ते तृप्तीचं. दुसऱ्या दिवशी ती आली, जांभळाची रिकामी जागा बघितली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. "सर, तो अर्ज द्या माझा. आता इथं माझं काय काम न्हाई राह्यलं." मी सांगितलं की प्राचार्य रजेवर आहेत, सोमवारी ये. (प्राचार्य शेजारच्या खोलीत शेंगा सोलत होते, आवाज येत होता.) तेव्हापासून ती कॉलेजात नाही. सोमवार उद्याच आहे आणि मला रात्री नीट झोप लागत नाही, दाजी. खोकल्यामुळेही असेल.

असो. इकडच्या भानगडी तुम्हाला कशाला. गुडघ्याला तेल लावत जा. आक्काला नमस्कार, म्हशीची खबर कळवा.

तुमचा,
कल्याण

ता. क. – ते जांभूळ तुमच्याकडे नुसतंच डब्यात पडून असेल तर उद्या सकाळी कडूबा हसनाबादला येतो आहे. त्याच्याजवळ दिलंत तर फार उपकार होतील. बदल्यात बाजारातलं कोणतंही रोप देतो, कलमी आंबा म्हणा, नारळ म्हणा. हे मागायला मला एवढी पानं लागली, माफ करा. पत्र कडूबाच घेऊन येईल.

ता. क. दुसरा – कडूबाला पाठवत नाही, पत्र टपालानेच येईल. आत्ताच आक्काने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. जांभूळ गोठ्यापुढच्या जमिनीत लावलेलं, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण, वारा लागू नये म्हणून आक्काची जुनी साडी, आणि शेजारी तुम्ही, नवा बैल घेतल्यावर उभे राहता तसे. आमच्या कॉलेजात जमिनीला सगळीकडे फरशी-ब्लॉक बसवलेत. तिथे त्याला माती कधीच मिळाली नसती, हे एवढ्या दिवसांत पर्यावरण समितीच्या प्रमुखाच्या ध्यानात आलं नाही. न राहवून मी तो फोटो तृप्तीला पाठवला.

ता. क. तिसरा – तिचा फोन आला. म्हणाली, "राहू द्या सर तिथंच. आता उपटलं तं मरंल ते." मी अर्जाचं विचारलं. ती म्हणाली की तो फाडून टाका, यंदाच्या बिया तिने धुऊन ठेवल्यात, उद्या येताना घेऊन येते, मी डबे बघून ठेवायचे. पण तिची एक अट आहे. आता रोप द्यायचं ते घरी नेऊन लावणाऱ्यालाच, कडूबाने टेबलाखाली वाकायचं नाही. असा पाहुणा आम्हाला साऱ्या जिल्ह्यात एकच माहीत आहे. म्हणून मागणी बदलून करतो. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा प्रमुख पाहुणे म्हणून या, आणि येताना टेम्पो घेऊन या. कार्यक्रम कशाचा ते तुम्ही आल्यावर ठरवू.