अर्धा ट्रक आणि अख्खा दसरा

मी, बळीराम सोनबाजी ढोके, वय साठीच्या आतबाहेर (जन्माची नोंद कोणी ठेवली नाही), धर्म बौद्ध, धंदा मालवाहतूक, मुक्काम इंदोरा, नागपूर, आज माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे हे तोंडाने सांगून लिहून घेत आहे. लिहिणारे वकील भैयाजी देशकर. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी पाजलेले नाही. दुखते ते छातीत. डोके तिथून बरेच वर आहे. माझा मुलगा मधुकर म्हणतो की बाबा ट्रकशिवाय दुसरे बोलतच नाहीत, म्हणजे त्यांचे डोके ठिकाणावर नाही. माझे म्हणणे असे की ज्याचे डोके जन्मभर एकाच ठिकाणी राहिले, त्याच्याविषयी अशी शंका घेऊ नये. हे वाक्य वकीलसाहेब गाळणार होते. मी गाळू दिले नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. इंदोऱ्यातले दोन खोल्यांचे घर, पुढचा ओटा, मागची मोरी आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी पंचफुला हिला पूर्ण मालकीने मिळावी. तिच्यानंतर घर मधुकर आणि मुलगी सिंधू यांचे, सारखे. मागच्या दाराला जी जाड फळी आहे ती आमच्या ट्रकच्या मागच्या बाजूच्या जुन्या फाळक्याची आहे. तिच्यावर मागे या, सावकाश या, असे अर्धवट लिहिलेले दिसते. ती चुलीत घालू नये. पंचफुला ती फळी दर पावसाळ्यात चुलीत घालण्याच्या गोष्टी करते, म्हणून हे लिहिले.

कलम २. रेडिओ मधुकरला. तो सदरच्या बँकेत कारकून आहे, हुशार आहे, आईला जपतो, त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. बातम्या ऐकताना मी अधूनमधून रेडिओला "काहून गा?" असे विचारत असे. रेडिओने कधी उत्तर दिले नाही, पण विचारण्याची सवय घरात राहावी. हातातले घड्याळही त्यालाच. ते पाच मिनिटे पुढे आहे आणि तसेच राहू द्यावे.

कलम ३. आता ट्रक. टाटा-मर्सिडीज, बासष्ट सालचे मॉडेल, नाकवाला, नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी. हा मी आणि महादेवराव तुकाराम नंदनवार, राहणार गोळीबार चौक, असा दोघांनी मिळून सहासष्ट साली जुना घेतला. निम्मा त्यांचा, निम्मा माझा. कोणता निम्मा कोणाचा यावर आम्ही पुष्कळ वाद घातला आहे. मी ड्रायव्हर म्हणून पुढचा माझा म्हणतो. ते मिस्त्री आहेत, त्यांच्या मते इंजिन पुढे असते म्हणून पुढचा त्यांचा, आणि मला संत्र्यांच्या पेट्यांबरोबर मागे बसावे लागेल.

महादेवराव कोष्ट्यांच्या घरातले. बाप मागावर बसायचा, हे गाडीखाली झोपायला लागले. इंजिनाचा आवाज ऐकून ते कुठे दुखते ते सांगतात, पण गाडी थोडी पळायला लागली की डोळे मिटून घेतात. मोठ्या गाडीचे लायसन त्यांच्याकडे आहे आणि ते त्यांनी गॅरेजपासून जकात नाक्यापर्यंत वापरले आहे. त्यापलीकडे मी त्यांना कधी गाडी नेताना पाहिले नाही. मी हसलो की म्हणतात, डॉक्टरने रोग्याबरोबर पळायचे नसते.

कलम ४. माझी मते सिंधूला. वकीलसाहेब म्हणतात, मते ही मिळकत नाही, ती वारसाला देता येत नाहीत. तरी लिहा म्हटले. सिंधू कामठीला शाळेत शिकवते. लहानपणी केबिनमध्ये माझ्या शेजारी बसून तिने मला इतके प्रश्न विचारले की माझा घसा गाडीच्या आधी तापायचा. हिला ती पचतील.

ट्रकबद्दल. नाकवाली गाडी ही खरी गाडी. हल्ली चपट्या तोंडाच्या निघाल्या आहेत, त्यात माल जास्त मावतो हे मान्य. पण नाक असले की माणसाच्या आधी गाडी पुढे जाते आणि काय आहे ते बघून येते. कामठीच्या छावणीत लढाईच्या दिवसांत मी लॉरी शिकलो, तिलाही नाक होते. नव्या गाड्यांवरची चांदणी गेली. का गेली ते दोन कंपन्यांमधले आहे म्हणतात, पण मला त्यातले सगळे कळले नाही आणि कळून घ्यायला आवडले असते.

भाड्याबद्दल. एकदा कामठीहून छपराचे कवेलू भरून रायपूरला नेले. परतीचा माल मिळाला तो रायपूरहून भंडाऱ्याला न्यायचा, कवेलूच. देवरीच्या चहाच्या टपरीवर कवेलू भरलेला आणखी एक ट्रक भेटला, नागपूरहून आलेला. मी त्या ड्रायव्हरला विचारले की हे काय चालले आहे. तो म्हणाला, "तिकडच्याले इकडचा पाहिजे, इकडच्याले तिकडचा. आपण काहून बोलावं गा?" मी तेव्हापासून या गोष्टीचा विचार करतो आहे. देशातला निम्मा माल नुसता एकमेकांना रस्त्यात भेटायला निघालेला असतो, असा माझा अंदाज आहे. सिंधूने तो तपासून पाहावा.

आणखी एक. खाप्याजवळच्या खाणीतला मँगनीज मी वर्षानुवर्षे रेल्वेच्या धक्क्यापर्यंत ओढला. तो पुढे बंदरावर जातो, तिथून जपानला, तिथे पोलादात पडतो. त्यातले थोडेसे फिरून आमच्याच गाडीच्या स्प्रिंगच्या एखाद्या पाट्यात आले असेल का? मी अनेकांना विचारले. महादेवराव एकटेच हसले नाहीत. त्यांनी पाटा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, असू शकते.

राजकारणाबद्दल. सरकार कसे आहे ते सभेत कळत नाही, गाडी किती वेळा थांबवावी लागते त्यावरून कळते. नागपूर राजधानी होते तेव्हा छिंदवाडा आपल्याच राज्यात होता. छप्पन साली एका सकाळी उठलो तर सौंसरच्या वाटेवर सरहद्द. रस्ता तोच, झाडे तीच, दोन्हीकडची संत्रीही तीच आणि मराठीही तीच, मध्ये एक बांबू आडवा. आणीबाणीत पहिले काही महिने नाक्यावर कोणाचा हात पुढे आला नाही. मग हात आले, फक्त टेबलाखालून. रेल्वेच्या संपात अख्ख्या देशाला एकदम ट्रकची आठवण झाली आणि संप मिटताच विसरही पडला. जनता राजवटीच्या शेवटी डिझेलच्या रांगेत उभा राहून मी जेवढे राजकारण ऐकले तेवढे कोणत्या कॉलेजात शिकवत नसतील. वेगळा विदर्भ मागणाऱ्या एका पुढाऱ्याला मी भर सभेत विचारले की साहेब, त्याने नाके कमी होणार की वाढणार? त्याने गळ्यातला हार काढला, माझ्याकडे पाहिले आणि पुढचा प्रश्न घेतला. पुढे विदर्भ झालाच तर सिंधूने नाके मोजावेत.

कलम ५. हे कलम दसऱ्याबद्दल आहे आणि ते नीट लिहून घ्यावे, अशी मी वकीलसाहेबांना विनंती केली आहे.

छप्पन साली मी एका शेठकडे ड्रायव्हर होतो. त्या दसऱ्याला नागपुरात आमची दीक्षा होती. माझ्या गावाहून, खाप्याहून, आमची माणसे निघणार होती, त्यात माझी आई सुभद्रा. मी शेठला हात जोडून एका दिवसापुरती लॉरी मागितली, डिझेल माझे म्हटले. शेठ म्हणाले की दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्या दिवशी गाडी कामाला लावत नाहीत. ते रागावून बोलले नाहीत, त्यांना ते खरेच वाटत होते. मग ती लॉरी दिवसभर झेंडूचे हार घालून फाटकात उभी राहिली आणि माझी आई खाप्याहून चालत आली. मैदानावर मला ती सापडली तेव्हा तिच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ मातीने लाल झाला होता आणि पाय सुजले होते. मी लॉरीचे सांगू लागलो तर म्हणाली, "चालत आली म्हणून तर पोचली, बापा." ती खूश होती. मी नव्हतो. त्या दिवशी मी ठरवले की माझी गाडी होईल तेव्हा ती दसऱ्याला खाप्याच्या माणसांसाठी निघेल.

गाडी घेताना मी महादेवरावांना हे सांगितले. त्यांनीही त्यांचे सांगितले की दसऱ्याला गाडीची पूजा झालीच पाहिजे, त्यांच्या बापाने माग कधी बिनपूजेचा ठेवला नाही. दोघांनीही मान डोलावली आणि दोघांनाही वाटले की समोरचा विसरेल. पहिल्या दसऱ्याला ते पहाटे आंघोळ करून नारळ घेऊन गॅरेजवर आले तर मी गाडी चालू करून बसलेलो. त्यांनी रात्रीच घातलेला हार तसाच होता. मी हारासकट गाडी काढली. खाप्याच्या माणसांनी तो हार काढून माझ्याच गळ्यात घातला, आणि महादेवराव दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. नट घट्ट करायला सांगायचे तेही पंचफुलेच्या तोंडून.

पुढच्या वर्षी ते स्वतःच पंचांग घेऊन घरी आले. अवजारांची पूजा खंडेनवमीला करतात, म्हणजे आदल्या दिवशी, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. मग विचारले, "ट्रक अवजारच होय ना गा?" मी म्हटले, होय. तेव्हापासून नवमीला ट्रक त्यांचा आणि दसऱ्याला माझा. पूजेला मी लांब उभा राहतो, हात जोडत नाही, ते सांगतही नाहीत. खोबरे मात्र खातो. मी दीक्षा घेतलेला माणूस, मला प्रसाद चालत नाही. पण ते खोबरे इंजिनाला वाहिलेले असते, आणि इंजिनाशी माझे काही वैर नाही. दसऱ्याला ते घरी सोने वाटतात, मी खाप्याहून माणसे दीक्षेच्या मैदानावर आणतो आणि रात्री परत पोचवतो. मालाच्या गाडीत माणसे नेत नाहीत हे मला ठाऊक आहे. पाऊस असो, भाडे चुको, हे कधी चुकले नाही.

कलम ६. हे कलम आधी वेगळे होते. वकीलसाहेब म्हणाले की पान नवे घेऊ. मी म्हटले, काट मारा, पण काट दिसू द्या. त्याचे कारण असे.

आमच्या दसऱ्याच्या वेळीच आंबिया बहाराची संत्री निघू लागतात, गाड्यांचा तुटवडा असतो आणि भाडे चढते. चंपतराव म्हणून ट्रकांचा ताफा असलेले एक गृहस्थ आहेत. दर निवडणुकीनंतर त्यांच्या गाड्यांवरचा झेंडा बदलतो, ताडपत्री तीच राहते. माझा अर्धा हिस्सा घ्यायला ते तयार आहेत, आणि मधुकरचे मत आहे की द्यावा. त्याचे गणित चुकीचे नाही. पण त्यांच्या ताफ्यात गेल्यावर गाडी दसऱ्याला संत्री घेऊन कलकत्त्याकडे पळणार, महादेवराव कंटाळून उरलेला निम्मा विकणार, आणि खाप्याच्या म्हाताऱ्या बाया फाट्यावर वाट बघणार. म्हणून मी माझा अर्धा ट्रक, जॅक, टॉमी आणि पाने या अवजारांसह, महादेवरावांना लिहून दिला होता. मधुकरला हे कळताच तो म्हणाला की महादेवकाकांनी आजारी माणसाकडून लिहून घेतले असे लोक म्हणतील, आणि मी कोर्टात तेच विचारीन.

आज सकाळी महादेवराव इथे आले. वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला मिळायचे त्याने साक्षीची सही न केलेली बरी, नंतर वाद होतो. महादेवरावांनी ते दोनदा समजून घेतले. मग म्हणाले, "माझं नाव काटा अन् मले सहीले बसवा. ज्याले काही भेटलंच नाही, त्याच्या सहीले मधुकर काय म्हणन?"

मी विचारले, मग तुले काय राहिले गा?

ते म्हणाले, "अर्धी तर माझी आहेच. अख्खी घेऊन तू नसताना भांडू कोणाशी?"

वकीलसाहेबांनी पाणी मागवले ते मीच प्यालो.

तरी आता असे की माझा अर्धा ट्रक सिंधूला मिळावा. महादेवरावांच्या लेखी संमतीशिवाय तिने तो विकू नये. नवमीचा दिवस महादेवरावांचा आणि दसऱ्याचा दिवस खाप्याच्या माणसांचा राहील; त्या दोन दिवशी गाडी भाड्याने लावू नये, कोणी कितीही देवो. गाडी म्हातारी होऊन मोडीत निघाली तर दुसरी घ्यावी, शक्यतो नाकाची. चांदणी मोडीत देऊ नये, ती पंचफुलेला द्यावी. तिला ती पहिल्यापासून आवडते, मला सांगत नाही.

कलम ७. माझ्यामागे कोणतेही क्रियाकर्म करू नये. त्रिसरण-पंचशील म्हणावे, चहा करावा.

कलम ८. एक गोष्ट मला लिहिता आलेली नाही. येत्या दसऱ्यापर्यंत मी असलो तर प्रश्न नाही. नसलो तर गाडी कोण नेणार? सिंधूला लायसन नाही. सणाच्या दिवशी ड्रायव्हर मिळत नाही, आणि मिळाला तर तो प्यालेला असतो. जन्मभर मी काय काय विचारत आलो आणि बरेचसे न कळता चालले. हे मात्र कळायला हवे होते. वकीलसाहेब म्हणतात की अशी जागा रिकामी सोडता येत नाही. तरी सोडली आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले. मी ऐकले, दोन ठिकाणी दुरुस्त केले, काटेवर सही केली. हेच माझे म्हणणे आहे आणि यापुढे मी ते बदलणार नाही.

नागपूर, दिनांक १४ सप्टेंबर १९८०
(सही) बळीराम सोनबाजी ढोके

साक्षीदार पहिले: देवाजी किसन गजभिये, शिक्षक, इंदोरा. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. त्यांचे डोके ठिकाणावर आहे.

साक्षीदार दुसरे: महादेवराव तुकाराम नंदनवार, मिस्त्री, गोळीबार चौक. माझ्यासमोर सही झाली. मले यातून काही भेटलेले नाही. कलम आठमधी जागा रिकामी आहे, तिथं माझं नाव लिहा. दसऱ्याले गाडी मी नेतो. हळू नेईन.