हात साफ

३ जून

ती. आईस,

शि. सा. न. आणि वि. वि. म्हणजे यावेळी खरीच विनंती आहे, शेवटपर्यंत वाच.

मी खुशाल. बेकरी सोडली, भट्टीपाशी झोप येते. आता एका संशोधक बाईंकडे लागलेय. माणसं कुठल्या वयात गुन्हे करतात, याच्या त्या रेघा काढतात. मी पेन्सिलींना टोक काढते. बहुतेकांची रेघ मिसरूड फुटताना चढते आणि पुढे संसाराच्या वजनाने घसरते. बायकांवर हात टाकणाऱ्यांच्या रेघा बाई वेगळ्या काढतात. त्या म्हणे अशा सरळ उतरत नाहीत. त्या दिवशी बाईंचा चहा गार होतो. आणि काहींची रेघ खाली यायचं नावच घेत नाही.

मला मामाच आठवला. पन्नाशी आली, निम्मी घरफोड्यांत आणि तुरुंगात गेली. आता इथे सायकली दुरुस्त करतो, दुकानाच्या माळ्यावर झोपतो. तो माळा पाडणार आहेत गं. तुझा सख्खा धाकटा भाऊ, त्याला मागची खोली दे ना! बाई म्हणतात, रेघ पुष्कळांचं सांगते, एकट्याचं नाही. त्यानेही तुला पत्र टाकलंय. इथे एक एककानी मांजर आहे, पण ते नंतर.

माझ्यावरचा थोडा लोभ मामाकडे वळव.

तुझी भिंगरी

१० जून

चि. भिंगरीस,

अ. आ., पायाला चाक लागलेल्यांना जरा जास्तच.

मामाचं पत्र पोचलं. तुझ्या रेघा घाल चुलीत! पठ्ठ्या लिहितो, रोज संध्याकाळी दुकानात हात साफ करतो, मालक कौतुक करतात, आणि तुझ्याकडे आलो तरी ही सवय सोडणार नाही. माझ्याच घरी! मी चमचेसुद्धा कपाटात कोंडलेत. जित्याची खोड, दुसरं काय? तरी 'येऊ नकोस' लिहायला हात धजत नाही. तू जाऊन बघ, खरं कळव, मग ठरवते.

चिडलेली, पण तुझीच,
आई

१४ जून

ती. आईस,

दंडवत घालते, पण आधी हसून घेऊ दे.

गेले. वाटेत फुगेवाला भेटला, त्याचंही नंतर. मामा कोपरापर्यंत काळा, चेनीच्या तेलाने. दुकान बंद करायच्या वेळी साबण आणि लाकडाचा भुसा घेऊन बसला आणि नखं न् नखं घासली. मालक म्हणाले, इतका स्वच्छ कारागीर बघितला नाही. अगं, तो हात धुतो! लहानपणी जेवायच्या आधी 'हात साफ कर' म्हणून तूच ना कोकलायचीस? मामा म्हणतो, ताईचं ऐकायला जरा उशीरच झाला.

तू काय समजलीस ते सांगितलं, तर खो खो हसला. मग साबण पुन्हा नखांवर घासायला लागला. म्हणाला, ताईला तसंच वाटणार, तिची काय चूक?

बाई मात्र इतक्या हसल्या की कुणाची तरी रेघ वाकडी गेली.

उत्तराकडे दोघांचे डोळे लागलेत.

भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस, आणि तुझ्या खांद्यावरून हे वाचणाऱ्या त्या गाढवाला,

अ. आ.

चमचे बाहेर काढले. खोली झाडली. मागच्या दाराशी साबण आणि भुसा ठेवलाय.

त्याला म्हणावं, या खेपेला दारातून ये, खिडकीतून नको. आणि हे बघ, हात साफ करून येऊ नकोस. काळे आहेत तसेच घेऊन ये. इथे धू. मी शेजारी उभी राहून बघणार आहे.

तुझी आई,
आणि त्याची अजूनही ताईच