आपोआप उघडणारा कॉम्प्युटर

बाई,

आज शाळेच्या ऑफिसात मी मुख्याध्यापकांशी भांडले. खरं तर हे भांडण तुमच्याशी व्हायला हवं होतं, मी दहावीत होते तेव्हाच. ते झालं नाही, आणि आता तुम्ही नाही. म्हणून लिहितेय.

काकांनी माझं लग्न दुसरबीडच्या एका घरी जवळजवळ ठरवलं होतं. मला सोळावं लागायचं होतं. मधल्या सुट्टीत मी ऑफिसात आले तेव्हा तुम्ही एकट्याच डबा खात होतात. मी रडत सगळं सांगितलं. तुम्ही डबा झाकून ठेवलात, हात धुऊन आलात आणि म्हणालात, "आपण तालुक्याला अर्ज करू. तू सांग, मी टाइप करते." माझं नाव, बाबांचं नाव, मुलाकडच्यांचं गाव, काका काय बोलले, सगळं तुम्ही लिहून घेतलंत. प्रिंटरची शाई संपली होती, म्हणून अर्ज तिथंच सेव्ह केलात. मी विचारलं, "बाई, हे कोनी वाचनार तं नाही ना?" तुम्ही हसलात. "कोण वाचणार गं? इथं सगळी आपलीच माणसं आहेत."

तो लिनक्सचा कॉम्प्युटर तुम्हीच बसवला होता. बटण दाबलं की कोण आहे, कशाला आलंय, काही न विचारता सरळ उघडायचा. पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाही म्हणून तुम्हीच तशी सोय केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कारकुनानं तो सुरू केला, तर समोरच माझ्या नावाची फाइल. कारकून आणि माझे काका रोज एका टपरीवर चहा पिणारे. दुपारपर्यंत काका घरी हजर. "शाळेत बसून आमची बदनामी करून राह्यली का वं?" माझं दप्तर त्यांनी माळ्यावर फेकलं आणि दोन महिने मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. पाहुणे सुपारी फोडायला आले त्या दिवशी आई दारात बसली. आयुष्यात काकांपुढं ब्र न काढलेली माझी आई! "पोरीची परीक्षा झाल्याबिगर कोनाले घरात येऊ देनार नाही," म्हणाली, आणि पाहुणे निघून जाईपर्यंत तिथून उठली नाही. लग्न मोडलं. ते आईनं मोडलं बाई, तुमच्या अर्जानं नाही. तो अर्ज तालुक्याला पोचलाच नाही.

हॉलतिकीट घ्यायला मी शाळेत आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? "तू आधी घरात नीट बोलायला हवं होतंस." कारकून बाजूच्याच टेबलावर कागदांना टाचण्या लावत बसला होता. त्याला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. बोलणी खाल्ली मी!

आता मी मेहकरजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. गेल्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी माझ्याशी बोलली. काय ते तुम्हालासुद्धा सांगणार नाही. तिची तक्रार टाइप करायला आज ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं, तर तो आपला सताड उघडला. आत आधीच्या मुलींच्या तक्रारी नावानिशी पडलेल्या. माझं डोकंच फिरलं. मी सेटिंगमध्ये गेले, वापरणाऱ्यांची यादी उघडली, मुख्य पासवर्ड टाकला आणि आपोआप लॉगिन बंद केलं. तक्रारींसाठी वेगळं खातं काढून सगळ्या फाइली त्यात हलवल्या. मुख्याध्यापक मागे येऊन उभे राहिले. "मॅडम, काऊन हे? आता मले रोज पासवर्ड टाकत बसा लागीन का? सगळे आपलेच तं हायेत."

तेच शब्द! मी ओरडलेच. "सर, यात पोरींची नावं आहेत. त्या माझ्यापाशी बोलल्या, सगळ्या ऑफिसापाशी नाही. हे जर बाहेर गेलं तर त्यांच्या घरी काय होतं ते मला विचारा." मग मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. या खेपेला तो थांबला आणि पासवर्ड मागितला. सरांनी त्यांचा टाकला, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. "हाव, ठीक हाय," एवढंच म्हणाले.

बाई, या सगळ्याला पाच मिनिटं लागली. आणि हे तुम्हाला येत होतं, यानंच जास्त जळतं. मला लिनक्स शिकवलं ते तुम्हीच. तुम्हाला ठाऊक नसतं तर ते सगळं मी कधीच मनातून काढून टाकलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही बुलढाण्याच्या दवाखान्यात होतात तेव्हा मी आले होते. वॉर्डाच्या दारापर्यंत. तुम्ही जाग्या होतात, खिडकीकडं पाहत होतात. मी तशीच फिरले आणि बस धरली. राग होता म्हणून गेले नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. पण तुम्ही माफी मागाल आणि मग मला राग सोडावा लागेल, याची मला भीती वाटली होती.