चार आजी-आजोबांचे दाखले

६ ऑक्टोबर, सोमवार

गुरुवारी सुहासिनी मॅडम माझ्या तासाला मागच्या बाकावर बसणार. सुपरवायझर त्या, माझं प्रोबेशन संपवणं त्यांच्या हातात. तास जमला तर इथली, आखातातली नोकरी कायम, आणि पपांच्या व्हिसावरून मी माझ्या स्वतःच्या व्हिसावर. घरातली पहिली ग्रॅज्युएट अजून वडिलांच्या व्हिसावर आहे, हे मम्मी वसईला फोनवर कुणाला सांगत नाही.

वर्ग नववी, धडा हिटलरची जर्मनी. तारखा पाठ करून घ्यायच्या नाहीत, असं ठरवलंय. १९३५च्या कायद्यानंतर तिथे माणूस ज्यू की नाही, हे त्याच्या आजी-आजोबांवरून ठरायचं. लोक चर्चमधून, कचेऱ्यांतून दाखले गोळा करत फिरायचे. मुलांना ते जाणवायला हवं! म्हणून गृहपाठ दिला — चारही आजी-आजोबांचा जन्म आणि धर्म दाखवणारे कागद घरी मागा. आईबाबा 'कशाला?' म्हणून चिडतील. काय बोलले ते लिहून आणा.

चिडणं हाच गृहपाठ. स्वतःवर खूश आहे मी.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कुणी चिडलं नाही.

मुलांनी घरी फक्त पहिलं वाक्य सांगितलं. पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून एकशे चाळीस मेसेज. 'ॲटेस्टेड चाहिए या प्लेन कॉपी?' 'आजीचा जन्मदाखला नाही, मृत्यूचा आहे, चालेल का?' 'आजीने दुसरं लग्न केलं होतं. कुठले आजोबा लावायचे?' शौर्यचे वडील थेट सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला गेले. तिथल्या नूरुद्दीनभाईंनी त्यांना अरबी भाषांतरही करून दिलं — 'बाद में माँगेंगे ही.' कुणीतरी लिहिलं, 'नवीन नियम आहे.' त्यावर सव्वीस अंगठे.

मी खुलासा टाकला — कागद आणायचे नाहीत, घरी फक्त विचारायचं आहे.

उत्तर आलं, 'ओके मॅम. फोटो साइज?'

८ ऑक्टोबर, बुधवार

ही गंमत मम्मीला सांगितली. ती हसली नाही. उठून वसईला पॅरिशच्या ऑफिसात फोन लावला. दोन तासांत माझ्या चारही आजी-आजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले व्हॉट्सॲपवर, शिक्क्यासकट.

'मम्मी, मला नकोयत गं.'

'असू दे. मागतील तेव्हा धावपळ नको.'

'कोण मागेल?'

'ते मला काय ठाऊक? शिकलेली तू.'

पपा सोफ्यावरून मम्मीला म्हणाले, 'थेरेसा, माझ्या आजी-आजोबांचेपण मागवून ठेव.'

९ ऑक्टोबर, गुरुवार

अठ्ठावीस मुलं, सत्तावीस फाइली. रंगीत टॅब लावलेल्या! केयाकडे काहीच नव्हतं. तिची आजी अनाथाश्रमात वाढली, त्याआधीचं कुणालाच माहीत नाही, म्हणून घरच्यांनी फाइलच केली नाही. शौर्यने मला मदत म्हणून सांगितलं, 'मिस, केया इज इनकम्प्लीट.' सगळा वर्ग तिच्याकडे वळला.

मग मी कायदा सांगितला. अशा कागदांवरून कुणाची नोकरी गेली, कुणाची शाळा, आणि शेवटी कुणाला आगगाडीत भरून मारायला नेलं. शौर्यचे कान लाल.

'बट मिस, वी जस्ट डिड व्हॉट यू सेड.'

धड्याचा शेवट म्हणून मी हेच वाक्य ठेवलं होतं, तिथल्या कारकुनांच्या तोंडचं. त्याने माझ्याआधी म्हटलं.

मग केयाचा आवाज. 'मिस, कॅन आय सिट नाऊ?' ती कधीपासून उभी होती, मला दिसलंच नाही. तिला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी मागे डोळे पुसले. जमलं बहुतेक.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कायम झाल्याचं पत्र मिळालं! पपांनी ते तीनदा वाचलं, मग इस्त्रीच्या कपड्यांखाली सपाट करायला ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, 'पालकांचा एवढा रिस्पॉन्स मी कधी पाहिला नाही गं. ऑफिसलाही फाइली आवडल्यात. आल्यात तर वाया कशाला घालवायच्या? एका यादीत भरून दे — नाव, आजी-आजोबा, धर्म.'

कशासाठी, असं विचारणार होते. पण त्यांनी माझा हात हातात घेतला होता. म्हटलं, इन्शाल्ला, उद्यापर्यंत देते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

यादी दिली. एकेका धर्माची नावं वेगळी लावली, शोधायला सोपं जावं म्हणून. केयाचं नाव सगळ्यांच्या खाली, एकटं.

असं लावायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.