शर्टावरचा चुना

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मध्येच उठून कुणाला घर दाखवायला पळू नकोस.

घर आम्हाला आवडलंय, हे आधी सांगून टाकते. भाड्याची आठ घरं बदलल्यावर खिडकीची कडी नीट लागली तरी माणसाला भरून येतं, आणि इथे तर सगळ्याच कड्या लागतात. तुझे भावजी दोनदा सगळ्या खिडक्या उघडून बंद करून आले. तुझी भाची मागच्या खोलीत पलंग कुठे मावेल ते पावलांनी मोजत होती. तू म्हणालास, विकणाऱ्या काकूंचा एजंट मीच आहे, तुमचाही मीच होईन, घरातल्या घरात काम होईल. मला बरंच वाटलं. त्याच भरात आम्ही जास्तीत जास्त किती देऊ शकतो, तेही तुला सांगून बसले.

मग जिन्यात तू हळूच माझ्या कानाशी लागलास, की काकूंना लेकाकडे जायची घाई आहे, ताणून धरा, उतरतील. माझ्या प्रेमापोटीच बोललास. पण मी तिथेच पायरीवर थांबले. काकूंचं गुपित जो मला देतो, तो माझं काकूंना का देणार नाही? लहानपणी माझं आणि आईचं वाजलं की तू तिला माझी बाजू सांगायचास आणि मला तिची. दोघींचा लाडका राहायचास, भांडण मात्र होतं तिथेच राहायचं.

तू पुढे उतरायला लागलास तेव्हा तुझी पाठ दिसली. निळ्या शर्टावर ओला चुना. मागच्या खोलीत तू सगळा वेळ एकाच भिंतीला टेकून उभा होतास, ते तेव्हा लक्षात आलं. काल काकूंना विचारून मी एकटीच गेले आणि भिंतीला हात लावून पाहिला. माझ्या खांद्यापर्यंत ओल आहे. जिला धाप लागली की तू खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचास, तिची ती खोली होणार आहे. तू ठरवून केलंस असं मी म्हणत नाही. काकूंचं काम घेतलंय, म्हणून पाठ आपोआप तिकडे गेली असेल. दोन दगडांवर पाय ठेवला की असंच होतं. राग आला होता, खूप आला. आता नाही.

सोमवारी तुला एका बाईंचा फोन येईल. त्या आमच्या एजंट, फक्त आमच्या. किंमत, भिंतीची दुरुस्ती, सगळं त्याच बोलतील. घर मी घेणार आहे, आणि भिंत कोरडी करूनच घेणार आहे. तू काकूंच्या बाजूने हवं तितकं भांड. तुला सांगितलेला आकडा आता आमचा राहिलेला नाही, तेवढं लक्षात ठेव. हे तुला परक्या बाईंच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. एजंट बदलता येतो, म्हणून बदलला. तुला बदलायची सोय नाही, आणि असती तरी मी केली नसती. किल्ली मिळेल त्या दिवशी कागदपत्रं न घेता हात हलवत ये, आणि त्याच भिंतीला खुशाल टेकून बस.

व्यवहार सोडून बाकी सगळीकडे तुझ्याच बाजूची,
ताई