नातेवाईकाचा रकाना

सोमवार, ३
आलो एकदाचा! आजपासून इस्पितळाच्या रेकॉर्ड रूमचा कारभारी मी. मागच्या आवारात खोलीही मिळाली. खिडकी एक, माणूस एक, भांडायला कोणी नाही. मोठ्या डॉक्टरांनी पहिलं काम दिलं ते वर्षभरातल्या विषबाधेच्या केसपेपरांचा तक्ता करण्याचं. पुरुषांच्या वॉर्डातल्या मावशी आपणहून चहा घेऊन आल्या. घरी कोण कोण, म्हणून विचारलं. म्हटलं, एक ताई, तीही लांबच्या गावी. "मग तुम्ही आमचेच," म्हणाल्या. बरं वाटलं.

गुरुवार, ६
विषबाधेचे बहुतेक रुग्ण बाहेरून आलेले. कुणी पाणी समजून फिनेल प्यायलेलं, कुणी भलत्याच गोळ्या घेतलेल्या. पण अकरा कागद निराळे निघाले. ही माणसं पाय मोडला, दमा वाढला म्हणून भरती झालेली. बरी झाली, आणि मग वॉर्डातच विषबाधा. कारणापुढे 'अज्ञात'.
दिवसभरात मावशींखेरीज कुणी बोललं नाही.

मंगळवार, ११
अकराही जणांना त्रास झाला तो घरी सोडायच्या सकाळीच. अकराही कागदांवर 'नातेवाईक' या रकान्यात नुसती आडवी रेघ. सात जण वाचले, आठ-दहा दिवस जास्त राहिले. चौघे गेले. ड्यूटीचा तक्ता काढून पाहिला. अकराही सकाळी मावशी होत्या.
चहा आला. बेसिनमध्ये ओतला, आणि चोरी केल्यासारखं वाटलं.

गुरुवार, १३
मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, म्हातारी, खंगलेली माणसं ती, कागदांत भुतं शोधू नका. वीस वर्षं वॉर्ड त्या बाईच्या जिवावर चाललाय.
लेखी तक्रार लिहून काढली. दिली नाही. दिली, तर या गावात माझ्याशी बोलायला कोण उरेल?

सोमवार, १७
वॉर्डात एक म्हातारे शिंपी आहेत. उद्या घरी जायचेत. मावशी त्यांची नखं कापत होत्या. मला म्हणाल्या, "घरी जाऊन हे कुणाचं तोंड बघणार? भिंतीचं? राहू देत की अजून आठ दिवस." इतक्या मायेनं म्हणाल्या, की अंगावर सर्रकन काटा आला.
उद्या सकाळी तक्रार देणार. नक्की.

मंगळवार, १८
मी पोचेपर्यंत शिंपी दगावले होते. मावशी हमसून हमसून रडत होत्या. खोटं नव्हतं ते रडणं.
तक्रार खिशातच. आता दिली, तर कालच का दिली नाही, असं विचारतील. काय सांगू?

शनिवार, २२
ताप. रेकॉर्ड रूममध्येच कोसळलो. आता त्याच वॉर्डात. नर्सबाईंनी ताईला फोन लावला, तिने उचलला नाही. रकान्यात रेघ ओढली. मी बघितली. नर्सबाईंना मावशींबद्दल सगळं सांगितलं. ताप डोक्यात गेलाय, म्हणाल्या.

सोमवार, २४
मावशी कपाळावर ओली घडी ठेवतात. केस विंचरतात. आई गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता मला. भीती वाटते. त्यांनी हात काढून घेतला, की जास्त वाटते.

बुधवार, २६
उद्या सोडणार. ताईने फोन उचलला. "बघते" म्हणाली. आमच्या घरात बघते म्हणजे नाही.

गुरुवार, २७
सकाळ. पिशवी भरली. ती खोली — ते कुलूप काढायचं — आत कोणी नाही —

मावशी कप घेऊन आल्या. म्हणाल्या, नको असेल तर राहू दे. डोक्यावरून हात फिरवला —

प्यायलो. सगळा.

बोटं जड —

दारात कोण — ताई! धापा टाकतेय — हातात माझ्यासाठी स्वेटर — सगळ्यांना विचारतेय, माझा भाऊ कुठाय, घरी न्यायला आलेय त्याला —

मावशींचं तोंड पांढरंफटक —

ताई, अगं, इकडे — मी इथं —