नेतीचं पाणी

बसवनगुडी, बंगळूर
५ मे १९६९

चि. सौ. तुंगास, गुंडूकाकाचे अ. उ. आ.

तुझी मालन इथे मजेत आहे. शेजारच्या गंगव्वाअक्कांकडे दोसे हाणते आणि घरी येऊन भूक नाही म्हणते. तिची सर्दी मात्र मी घालवली हो! रोज संध्याकाळी नेती शिकवतो. एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. अंगणातल्या टाक्यातलं पाणी उन्हानं आपसूक कोमट होतं, तेच घेतो. पिण्याचं पाणी तुझी काकू उकळूनच देते, तेव्हा उगीच जीव टांगणीला लावू नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझा,
गुंडूकाका


पुणे
९ मे १९६९

ती. काकांस, तुंगाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताक्षणी तार केली आहे, नेती थांबवा म्हणून. घाबरू नका, पण ऐका. आमच्या प्रयोगशाळेत परदेशी मासिकं येतात. त्यांत वाचलं, की साचलेल्या कोमट पाण्यात एक अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही बिघडत नाही. नाकात गेला तर मेंदूपर्यंत चढतो, आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. असं फार क्वचित होतं, पण पोर आपली आहे. दोन आठवडे लक्ष ठेवा. ताप आला, डोकं दुखलं, मान आखडली तर तडक मोठ्या इस्पितळात न्या, आणि नाकात पाणी गेल्याचं आधी सांगा. तुमच्या नेतीचंही पाणी उकळून, निववून घ्या.

काकूंना नमस्कार. माझ्यावर रागावू नका.

आपली,
तुंगा


बसवनगुडी
२६ मे १९६९

चि. सौ. तुंगास, अ. उ. आ.

मालन ठणठणीत आहे, हे आधी. पंधरवडा उलटून गेला.

तार आली तेव्हा मी चिडलो होतो. जन्मभर नेती करणाऱ्याला कालची पोर शिकवते म्हणून. मग पत्र आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. तुझ्या काकूनं टाकं उपसलं आणि मी दिवसभर मालनच्या कपाळाला हात लावत बसलो. शेवटी ती वैतागून म्हणाली, आजोबा, मला स्वल्प खेळू द्या की. आता नेती उकळून निवलेल्या पाण्यानंच. माझ्याकडे शिकलेल्या सगळ्यांच्या घरी जाऊन तेच सांगून आलो. भीमाचार्य कुरकुरले, पण ऐकलं.

तुंगे, उपकार म्हटलं तर तू रागावशील. पण तुझं लेकरू माझ्या हातून... पुढचं लिहवत नाही. तू वेळेवर सांगितलंस, देवासारखी धावलीस.

मालनला पुन्हा पाठव म्हणायला मला तोंड नव्हतं. काल तुझं दुसरं पत्र आलं. पुढल्या मे महिन्यात धाकटीलाही तुमच्याकडेच पाठवते, असं तू आपणहून लिहिलंस. तुझ्या काकूला वाचून दाखवायला घेतलं, पण अर्ध्यावरच पत्र तिच्या हाती दिलं. पुढचं तिनं मला वाचून दाखवलं.

म्हाताऱ्यावर अशीच माया असू दे.

तुझा,
गुंडूकाका